खिशातला कॅमेरा आणि लोखंडी पूल

पाथर्डीला रेल्वे नाही. बारमाही वाहणारी मोठी नदीही नाही. त्यामुळे जुना लोखंडी पूल पाहायचा तर आम्हाला तालुक्याबाहेर जावे लागते. तरीही गेली पंधरा-सोळा वर्षे मी अशा पुलांची छायाचित्रे काढत आलो आहे, आणि त्यासाठी वापरतो तो डिजिटल कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावतो. माझा धंदा लोखंड-सिमेंटच्या दुकानाचा. अँगल, चॅनेल, पत्रा आणि सळई यांच्यात वय गेले. अभियांत्रिकीचे शिक्षण नाही, इतिहासाची पदवी नाही. जे थोडेफार कळते ते ग्रंथालयातून, जुन्या गॅझेटिअरांतून आणि पुलांखाली उभे राहून.

नदी, आकाश आणि मधोमध पूल असे जे छायाचित्र आपण सगळेच काढतो, त्यातून पुलाविषयी फारच थोडे कळते. ते दिवाणखान्यात लावायला चांगले असते. पण पूल पाडला गेल्यावर तो कसा होता, कशाचा होता, कोणी कधी दुरुस्त केला, हे कुणी विचारले तर ते छायाचित्र गप्प बसते. पुलाचा इतिहास त्याच्या सांध्यांत लिहिलेला असतो. तो टिपायला महागडा कॅमेरा लागत नाही, जवळ जावे लागते आणि काय पाहायचे ते ठाऊक असावे लागते. या लेखाचा विषय एवढाच आहे.

चित्र हा पुरावा कसा ठरतो, याचे उत्तम उदाहरण लोखंडी पुलांच्या मूळपुरुषाचेच आहे. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात सेव्हर्न नदीवर १७७९ साली ओतीव लोखंडाची कमान उभी राहिली. आराखडा थॉमस प्रिचर्ड या वास्तुरचनाकाराचा. पूल उभा राहण्याआधीच तो वारला. लोखंड ओतून काम तडीस नेले ते तिसऱ्या अब्राहम डार्बीने. १ जानेवारी १७८१ रोजी पूल रहदारीला खुला झाला. गाळा शंभर फुटांचा, लोखंड पावणेचारशे टनांहून अधिक. डार्बीला जाहिरातीचे महत्त्व कळत होते. त्याने चित्रकारांना पैसे देऊन पुलाची चित्रे काढवून घेतली, त्यांच्या प्रती घरोघर गेल्या. पुढे दोनशे वर्षे त्या पुलाची कितीतरी चित्रे निघाली. मात्र कित्येक टनांचे ते ओतीव तुकडे नदीवर चढवले कसे, हे त्यांतल्या एकाही चित्रातून उमगत नव्हते.

१९९७ साली स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचे एक लहानसे जलरंगचित्र उजेडात आले. काम चालू असताना हा गृहस्थ तिथे हजर होता. त्याच्या चित्रात पूल अर्धवट उभा आहे आणि नदीच्या पात्रात लाकडी खांबांची यारी रोवलेली दिसते. त्या चित्राच्या आधाराने २००१ साली निम्म्या आकाराची प्रतिकृती उभारून पाहण्यात आली आणि ती उभी राहिली. त्याच सुमारास पुलाची तपशीलवार पाहणीही झाली. तुकडे एकाच साच्याचे नाहीत, बहुतेक एकेकटे ओतलेले आहेत आणि मापांत थोडे-थोडे फरक आहेत, असे तीत आढळले. सांधे तर थेट सुतारकामाचे आहेत : एका तुकड्याला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ, वर ठोकलेली पाचर. लोखंडाचा एवढा मोठा पूल बांधण्याचा अनुभव कोणालाच नव्हता, तेव्हा लाकडासारखा बांधला! हे कळले ते जवळ जाऊन पाहिल्यावर. लांबून तो फक्त डौलदार दिसतो.

आपल्याकडे रेल्वेचे पूल आले तेव्हा कॅमेराही आलेला होता. भोरघाटातल्या रेल्वेचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्याबरोबर मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. तिने घाटातल्या कामाची छायाचित्रेही काढली. घाटातून गाडी धावू लागली १८६३ साली. तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत शेजारच्या अंधाऱ्या तंबूत धुवायची. अशा खटाटोपात एकेका सांध्याजवळ जाऊन काच खर्च करणे कोणाला परवडणार? दुरून सगळे काम एका काचेवर घेण्याची सवय तिथून पडली असावी असे मला वाटते. आता चित्रामागे खर्च शून्य आहे, पण सवय गेलेली नाही.

आता मुंबईकडे येऊ. आमच्या वडिलांच्या काळापासून माल आणायला कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात जाणे-येणे होते. पुढे बाजाराचा मोठा भाग कळंबोलीला गेला. या बंदराच्या तोंडाशी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मस्जिद या स्थानकांच्या मधे, रुळांवरून जाणारा कर्नाक पूल १८६८ सालचा. काळ्या पाषाणाचे बांधकाम आणि त्यावर लोखंडी तुळया. सर जेम्स रिव्हेट-कार्नॅक हा १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचे नाव पुलाला होते. रिव्हेटांच्या पुलाला रिव्हेट नावाच्या साहेबाचे नाव मिळावे हा निव्वळ योगायोग, पण लोखंडाच्या व्यापाऱ्याला त्याची गंमत वाटणारच. पुलाच्या दगडांत त्याचे नाव इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत कोरलेले होते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कामावर देवनागरी अक्षरे कशी कोरत, हे पाहायला लिपीच्या अभ्यासकांनी तिथे आवर्जून जावे असे ते दगड होते.

या पुलावरून जड वाहनांना २०१४ साली बंदी झाली. त्याआधीच्या दोन-तीन खेपांत मी पदपथावरून आणि खालच्या रस्त्यावरून जमेल तेवढी छायाचित्रे काढून ठेवली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा मेगाब्लॉक घेऊन पूल उतरवण्यात आला. जुलै २०२५ मध्ये त्या जागी नवा पूल ‘सिंदूर पूल’ या नावाने सुरू झाला. जुना पूल धोकादायक झालेला होता आणि त्याखालून रोज लाखो माणसे प्रवास करत होती. तो पाडायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भायखळा आणि सँडहर्स्ट रोड यांच्या मधला १८७९ सालचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये असाच गेला. माझी तक्रार वेगळी आहे. दगडावरचे अक्षर जपावे असे आपल्याला वाटते, कारण ते वाचता येते. लोखंड मात्र भंगार म्हणून टनावर विकले जाते आणि भट्टीत वितळते. त्यावरही वाचण्यासारखे पुष्कळ असते.

ते काय असते, ते आता सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे लोखंडाची जात. ओतीव लोखंड, ज्याला आम्ही बाजारात बीड म्हणतो, ते साच्यातून निघते. त्यावर साच्याची शिवण दिसते, कडा जाड आणि गोलसर असतात, कुठेकुठे बुडबुड्यांची छिद्रे असतात. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून ते कमानीत किंवा खांबात सापडते. घडीव लोखंड तंतुमय असते. जुना गंज चढला की त्याचा पृष्ठभाग लाकडाच्या रेषांसारखा उलतो, थर सुटतात. पोलाद असे उलत नाही. पुलांमध्ये घडीव लोखंडाची जागा पोलादाने घेतली ती साधारण १८८० नंतरच्या दोन दशकांत. पोलादी तुळईच्या पोटावर पुष्कळदा कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत लाटलेले असते. मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँग कंपनीचे नाव जुन्या तुळयांवर वारंवार आढळते. टाटांचे नाव असेल तर तुळई १९१२ च्या आधीची असू शकत नाही, कारण साकचीच्या कारखान्यात पोलाद बनू लागले ते त्या वर्षी. पुलाच्या कोनशिलेवर १८७० लिहिलेले आणि तुळईवर टाटांचे नाव, असे दिसले तर समजावे की मधे कधीतरी तुळया बदलल्या. कोनशिला खोटे बोलत नाही, पण ती पुढचे सांगत नाही.

दुसरी गोष्ट सांधे. रिव्हेट म्हणजे एका टोकाला डोके असलेला लोखंडी खिळा. भट्टीत लालभडक तापवून तो भोकात घालायचा, एकाने मागून जड ठोकळा धरायचा, दुसऱ्याने पुढचे टोक ठोकून त्याचेही डोके करायचे. थंड होताना खिळा आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट आवळतो. हे काम आज जवळपास बंद झाले आहे. त्यामुळे रिव्हेटांच्या सरळ रांगेत एखादा षटकोनी डोक्याचा बोल्ट दिसला, तर तिथे एक रिव्हेट निसटला आणि नंतर कोणीतरी बोल्ट घातला, हे उघड आहे. वेल्डिंगचा ओघळ दिसला तर दुरुस्ती आणखी अलीकडची. जुन्या घराच्या भिंतीत विटांचे आकार बदलतात तेव्हा जाणकार माणूस ‘ही भिंत मागाहून वाढवली’ म्हणतो ना, तसेच हे.

तिसरी गोष्ट टेकू. तुळई खांबावर जिथे टेकते तिथे एका टोकाला ती पक्की असते आणि दुसऱ्या टोकाला लाटण्यासारख्या गजांवर किंवा गुळगुळीत पाटावर मोकळी. लोखंड तापले की वाढते. तीस मीटर लांबीची तुळई चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे १४ मिलिमीटर वाढते. आमच्या भागात डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत उन्हातल्या लोखंडाला एवढा फरक सहज पडतो. ही लाटणी माती आणि गंजाने जाम झाली की वाढणारी तुळई खांबाला ढकलू लागते. म्हणून लाटण्यांचे छायाचित्र हे पुलाच्या प्रकृतीचे छायाचित्र. कॅमेरा घेऊन गेलेला माणूस तिकडे वळत नाही, कारण तिथे कचरा, कबुतरे आणि अंधार असतो.

आता कॅमेऱ्याचा हिशेब. माझ्या कॅमेऱ्याचे चित्र ४,६०८ बिंदू रुंद आणि ३,४५६ बिंदू उंच, म्हणजे १६ मेगापिक्सेल. समजा, साठ फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटरची तुळई चौकटीत काठोकाठ बसवली. मग चित्रातला एक बिंदू तुळईवरच्या ४ मिलिमीटरला येतो. रिव्हेटचे डोके साधारण ३५ मिलिमीटरचे, म्हणजे ते नऊ बिंदूंत उमटेल. रिव्हेट मोजता येतील, त्यांचा गंज दिसणार नाही. इंचभर उंचीच्या लाटलेल्या अक्षराला सहाच बिंदू मिळतील आणि ते वाचता येणार नाही. आता तेच चित्र तीन मीटर रुंदीच्या भागाचे घेतले, तर अक्षराला अडतीस बिंदू मिळतात आणि कंपनीचे नाव स्पष्ट वाचता येते. साठ फुटी तुळईला अशी सहा-सात चित्रे लागतील, एवढाच खर्च. ‘मेगापिक्सेल किती?’ असे मला नेहमी विचारतात. किती अंतरावरून, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

ही चित्रे एकमेकांवर साठ-सत्तर टक्के चढतील अशी घ्यावीत. एक चित्र घ्यायचे, तुळईला समांतर दोन पावले सरकायचे, पुढचे घ्यायचे. झूम मधेच बदलायचा नाही. अशा चित्रमालेतून संगणकावर वस्तूची त्रिमितीय आकृती तयार करता येते. आज ते करायला तुमच्याकडे सवड नसेल, पण चित्रे नीट घेतलेली असतील तर पुढचा कोणी करू शकेल.

छोट्या कॅमेऱ्याची प्रकाश टिपणारी पट्टी करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते. त्यामुळे अंधारात चित्र रवाळ होते, हे खरे. पण तिचा एक फायदा आहे. जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट येते, आणि जाळीदार कैच्यांच्या पुलाला हेच हवे असते. आयएसओ शंभरच्या आसपास ठेवावा, कॅमेरा खांबावर किंवा पिशवीवर टेकवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. भिंगाच्या रुंद टोकाला सरळ तुळया पिंपासारख्या फुगतात. म्हणून मागे सरकून थोडा झूम वापरावा. पुलाखालून वर पाहताना आकाश इतके उजळ असते की कॅमेरा फसतो आणि तुळया काळ्याठिक्कर येतात. तिथे उजेडाची भरपाई एक घर वाढवावी. आकाश पांढरे पडले तर पडू द्यावे, आपल्याला आकाश नको आहे. फ्लॅश बंद. समोरून पडलेला फ्लॅश रंगावरून परावर्तित होतो आणि उठाव पुसून टाकतो. अक्षरे उठून दिसायला उजेड बाजूने, अगदी तिरपा यायला हवा. सकाळी सात-आठचे ऊन असेल तर उत्तम, नसेल तर बॅटरीचा झोत कडेने धरावा. शिलालेख वाचणाऱ्यांना ही युक्ती जुनीच ठाऊक आहे.

चौकटीत दोन वस्तू ठेवाव्यात : मापाची टेप आणि कोरा पांढरा कागद. टेप कशासाठी ते सांगायला नको. कागद रंगासाठी. कॅमेरा स्वतःच्या मताने रंग बदलत असतो. सावलीत निळसर, संध्याकाळी पिवळट. शेजारी पांढरा कागद असला की खरा रंग मागाहून ताडून घेता येतो. श्रॉपशायरच्या त्या पुलाला २०१८ साली पुन्हा गडद तांबडा रंग दिला, कारण जुन्या रंगाच्या थरांच्या तपासणीत मूळ रंग तो निघाला. त्याआधी कित्येक वर्षे लोक त्याला करड्या रंगातच ओळखत होते. आपल्या पुलांवरही रंगाचे थर असतात, आणि टवका उडालेल्या जागी ते झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसतात.

मोबाइल असताना हे खटले कशाला, असे माझी मुलेही म्हणतात. मोबाइल वाईट नाही. पण आजचे मोबाइल एका दाबात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र मिसळतात, कडा तासतात आणि झूम ताणला तर न दिसलेला तपशील अंदाजाने भरतात. आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती पुसली तर आजी तक्रार करणार नाही. पण गंजलेल्या पत्र्यावरची बारीक चीर पुसली किंवा नसलेली उमटली, तर तो पुरावा राहत नाही. साधा कॅमेराही थोडीफार ढवळाढवळ करतो, पण त्याला भिंगाचा खरा झूम असतो आणि कल्पनाशक्ती कमी असते. या कामात ती कमी असलेलीच बरी. एक पथ्य मात्र पाळावे. बॅटरी पूर्ण उतरली की या कॅमेऱ्यांचे घड्याळ पुष्कळदा मूळपदावर जाते, आणि चित्राच्या पोटात नोंदली जाणारी तारीख चुकते. निघण्याआधी घड्याळ तपासावे.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला जुना रेल्वेमार्ग दौंड–मनमाड. तो १८७८ साली सुरू झाला. त्याआधीची दोन वर्षे दख्खनच्या भीषण दुष्काळाची. या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावलेले होते. आज ऊसतोडीला जाणारा आमचा तालुका पाहिला की त्या मजुरांच्या रांगा माझ्या डोळ्यांपुढे येतात, पण ते असो. हा मार्ग भीमा, मुळा, प्रवरा आणि गोदावरी अशा चार नद्या ओलांडतो. दुहेरीकरणामुळे जुन्या पुलाशेजारी नवा पूल अशी जोडी पाहायला मिळते. नव्या तुळईच्या सपाट, वेल्डिंग केलेल्या पोटाकडे पाहून मग जुन्या बांधणीकडे नजर टाकली, की दोन काळ एका चौकटीत येतात. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी गेलात तर देवदर्शन झाल्यावर अर्धा तास यासाठी काढावा.

मात्र रुळांवर पाय ठेवू नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना जाणे गुन्हा आहे. हद्दीतून किंवा अगदी जवळून चित्रे घ्यायची तर आधी लेखी परवानगी मागावी. नदीचा घाट, गावचा रस्ता, शेताचा बांध एवढ्यावरूनही पुष्कळ काम होते, आणि तिथेच झूमचा खरा उपयोग. जुन्या पादचारी पुलांवर तर चित्रासाठी उभे राहूच नये. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो पूल काही शतकभराचा नव्हता. लोखंड रंगाखाली गंजते. दोन पत्र्यांच्या मधे गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो, पत्रे फुगवतो आणि रिव्हेटची डोकी उडवतो. वरून रंग दिलेला असला तरी दोन रिव्हेटांमधली पत्र्याची कड सरळ न राहता लाटेसारखी झालेली दिसते. हे ओळखायला अभियंता असण्याची गरज नाही. त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून, दर पावसाळ्यानंतर एक चित्र घेत गेले तर लाट वाढते आहे का ते शाळेतले पोरही सांगेल. असा संच ग्रामपंचायतीच्या अर्जाला जोडला तर त्याचे वजन नुसत्या ‘पूल धोकादायक आहे’ या वाक्याहून अधिक असते. कोणत्या गाळ्यात, कोणत्या बाजूला, किती इंच, हे त्यात दाखवता येते.

राहिला प्रश्न चित्रे ठेवण्याचा. संगणकात पडलेली चित्रे संगणकाबरोबर जातात. मी प्रत्येक पुलाची वीस-पंचवीस निवडक चित्रे कागदावर छापून घेतो. एक संच घरी, एक नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेला किंवा जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावा, घेतील त्यांना. मूळ फाइली दोन वेगळ्या जागी असाव्यात. फाइलीच्या नावात तारीख, नदी, गाळा आणि बाजू यावी. गाळे कोणत्या काठापासून मोजले तेही लिहावे, कारण दहा वर्षांनी ‘तिसरा गाळा’ म्हणजे कुठला हे आपल्यालाही आठवत नाही. छापील प्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने लिहावे, शाई पाझरते : पुलाचे नाव, जवळचे गाव, उभे राहिल्याची जागा, अंतर, टेपवरचे माप आणि ऊन कोणत्या बाजूने होते ते.